दोन ५४० आणि एक कुलूप

ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला, जोडलेलं यंत्र फिरवणारा पीटीओचा दांडा असतो. तो मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. सांध्याजवळ त्याची जाडी साधारण ८ सेंटिमीटर धरली तर घेर २५ सेंटिमीटर भरतो. पदराचं किंवा उपरण्याचं टोक त्यात सापडलं, हे ध्यानात येऊन हात मागे घ्यायला माणसाला अर्धा सेकंद लागतो असं समजू. तोही ताजातवाना असताना; सकाळपासून उन्हात राबलेल्या माणसाला जास्तच लागेल. एवढ्या वेळात दांडा साडेचार वेळा फिरलेला असतो आणि एक मीटरहून जास्त कापड त्याच्याभोवती गुंडाळलं गेलेलं असतं. त्यापुढे कापडाबरोबर माणूस ओढला जातो.

गावात मग एकच निष्कर्ष निघतो : लक्ष नव्हतं.

हा निष्कर्ष मला कधीच पटलेला नाही. अर्ध्या सेकंदाच्या कामात लक्ष असून करणार काय? त्या दांड्यावर प्लास्टिकचं नळकांडं असतं, ते नव्या यंत्राबरोबर मिळतंही. पहिल्या-दुसऱ्या हंगामात ते तडकतं, ग्रीस मारताना आड येतं म्हणून कोणी तरी काढून ठेवतं, आणि पुढे ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतं. अपघात खरा त्या दिवशी सुरू होतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. इथे चाकण-वाळूजसारखी धुराड्यांची रांग नाही. लिंबाळ्याची एमआयडीसी, वसमत तालुक्यातले पूर्णा आणि टोकाई हे सहकारी साखर कारखाने, जिनिंग, दालमिल, आणि सगळ्यांत मोठा पसारा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. पण ती हळद यार्डात यायच्या आधी शिजते, वाळते आणि पॉलिश होते, आणि हे सगळं शेतात, भाड्याच्या यंत्रावर. इथला कारखाना चाकांवर बसून गावोगाव फिरतो. त्याला फाटक नाही आणि हजेरीपटही नाही. हंगाम संपला की कारखानाच नाहीसा होतो.

कुठल्याही दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये जुन्या ऑपरेटरला विचारा, हात कधी जातो? मशीन नीट चालत असताना जातो असं तो म्हणणार नाही. माल सुरळीत पडत असताना माणूस यंत्रापासून दूरच असतो, त्याला जवळ जायचं कारणच नसतं. कारण पडतं ते माल ‘चोक’ झाला की. एलिव्हेटरच्या बादल्यांत तुरीचा ढीग अडकतो, रेच्याच्या रोलरवर रुईचा पुंजका बसतो, पट्टा पुलीवरून उतरतो, बेअरिंग तापून वास सुटतो. मग कोणी तरी हात घालतो. बंद करून पुन्हा चालू करायचं म्हणजे अख्खी लाईन रिकामी करायची, अर्धा तास जायचा, बाहेर गाड्या उभ्या, मुकादम ओरडतोय. म्हणून चालत्यातच काडीने, गजाने, शेवटी बोटाने.

देखभालीच्या कामाचा हा स्वभाव आहे. चालवणाऱ्यासाठी यंत्राला झाकणं, जाळ्या, हॉपर असतात. दुरुस्ती करणाऱ्याला ती सगळी उघडूनच आत शिरावं लागतं. यंत्र बनवणाऱ्याने जिथे माणसाचा हात पोचू नये म्हणून धडपड केलेली असते, नेमका तिथेच फिटरचा हात असतो. हडंब्याचं, म्हणजे मळणी यंत्राचं उदाहरण घ्या. भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या तोंडाशी माल सरकवायची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हा आकडा सहज आलेला नाही. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत साधारण ७०-७५ सेंटिमीटर भरतो. नळी ९० ची असली की कितीही रेटला तरी हात ढोलाच्या दात्यांपर्यंत पोचत नाही. मळणी यंत्रांनी उत्तर भारतात इतके हात तोडले की १९८३ मध्ये संसदेने खास धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तरी नळी आखूड करून घेणारे मालक आहेतच, कारण आखूड नळीतून माल लवकर सरकतो.

आता विजेचं. हा धोका मराठवाड्यात ज्याने दिवस काढलेत त्यालाच नीट कळेल. लाईट जाते. मशीन थांबतं. माल अर्धवट अडकलेला. बरं झालं, आता साफ करून घेऊ म्हणून माणूस आत हात घालतो, आणि लाईट येते.

खरं तर असं होऊ नये याची सोय स्टार्टरमध्ये असते. त्यात एक नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पण आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीला रात्री दोन वाजता लाईट येते. थंडीत उठून बटण दाबायला जायचं, वाटेत साप-विंचू. म्हणून शेतकऱ्याने ऑटो स्विच बसवला. लाईट आली की पंप आपोआप सुरू. पंपापुरती ही सोय चांगलीच आहे. मात्र तोच वायरमन, तीच पेटी आणि तीच सवय पुढे पिठाच्या गिरणीत, कडबाकुट्टीवर, पॉलिशच्या ढोलावर येते. ऑटो स्विच नसला तर बटणात काडी खुपसून ठेवतात. विहिरीत आपोआप सुरू झालेल्या पंपासमोर माणसाचा हात नसतो, कुट्टीच्या पात्यासमोर असतो. एवढा साधा फरक, पण तो कोणी सांगितलेला नसतो.

यावरचा उपाय जगभर एकच, आणि तो अगदी गावठी वाटेल इतका साधा आहे. मेन स्विच खाली करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या खिशात ठेवायची. तिघे आत काम करत असतील तर तीन कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत मालक आला काय आणि कलेक्टर आला काय, मशीन सुरू होत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये याचा नियम झाला. तिथल्या सुरक्षा खात्याचा अंदाज आहे की त्यामुळे वर्षाला १२० मृत्यू आणि ५०,००० जखमा टळतात. मोठ्या कंपन्यांत आपल्याकडेही ही पद्धत आहे. लहान ठिकाणी ‘अरे, मी आत आहे, चालू करू नको रे’ असं ओरडून सांगणं हेच कुलूप, आणि जिनिंगच्या आवाजात ते ऐकू येत नाही. कुलूप घातल्यावरही लगेच हात घालू नये. उसाचे तुकडे करणाऱ्या कटरचा जड रोटर बंदचं बटण दाबल्यावरही बराच वेळ फिरत राहतो, अडकलेला पट्टा ताणलेल्या स्प्रिंगसारखा झटका देतो, पाइपात वाफ कोंडलेली असते. वीज गेली म्हणजे जोर गेला असं होत नाही.

वाफेवरून दुसऱ्या ५४० कडे येऊ. हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा. १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून शरीराच्या तापमानाला येताना देतं फक्त ६३ कॅलरी. वाफ कातडीवर आधी पाणी होते आणि मग निवते, म्हणजे दोन्ही मिळून ६०० च्या वर. उकळत्या पाण्यापेक्षा साडेनऊपट. हळद शिजवणाऱ्या कुकरचं झाकण घाईत उघडणाऱ्याचा चेहरा आणि हात का सोलून निघतात, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. शिवाय पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सुमारे १,६०० पट जागा मागते. ती जागा न मिळाली तर ती पत्रा फाडून घेते. २५ लिटरपेक्षा मोठं आणि ठरावीक दाबापेक्षा जास्त दाबाचं पात्र कायद्याने बॉयलर ठरतं. त्याला नोंदणी, बाष्पके संचालनालयाची तपासणी, परवानाधारक चालक सगळं लागतं. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. शेतातल्या कुकरचा व्हॉल्व्ह मात्र कोण तपासतो, तर ज्याने तो वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतला तोच. त्या व्हॉल्व्हवर दाब वाढावा म्हणून दगड ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी, तिथे यंत्रणा आहे, अधिकारी आहेत. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकून पूजा, आणि पुढचे चार-पाच महिने धूर थांबत नाही. ८ डिसेंबर २०१७ ला परळीजवळच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटली. कामगार भाजले आणि त्यातल्या काहींनी उपचार चालू असताना प्राण सोडले. ती हंगामातली घटना. पण बाहेरच्या माणसाला वाटतं की धुराडं थांबलं की धोकाही थांबला. १ ऑगस्ट २०२० ला नागपूर जिल्ह्यात बेल्याच्या मानस ॲग्रो कारखान्यात बायोगॅस प्रकल्पावर वेल्डिंगचं काम चालू असताना स्फोट होऊन ५ जण गेले. ऑगस्ट म्हणजे ऑफ सीझन. रोलर उतरवणं, नळ्या खरवडणं, टाक्या धुणं, उंचावर चढून पत्रे बदलणं ही सगळी कामं याच दिवसांत होतात, आणि ती करायला बहुतेक वेळा ठेकेदाराची नवी पोरं येतात, ज्यांना कुठल्या पाइपात काय असतं हे माहीत नसतं.

मळीची रिकामी टाकी हे त्यातलं सगळ्यांत फसवं ठिकाण. तळाशी राहिलेली मळी आंबते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, १९.५ च्या खाली गेला की धोका, आणि ६ टक्क्यांच्या आसपास दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वास येत नाही की सावरायला वेळ मिळत नाही. वरचा सोबती बघतो, भाऊ पडला म्हणून दोरी न बांधता उडी मारतो, आणि तोही तिथेच राहतो. विहिरीत इंजिन दुरुस्तीला उतरताना जुने शेतकरी कंदील सोडून पाहायचे. विझला की उतरायचं नाही. ती युक्ती विहिरीपुरती ठीक होती. बायोगॅसच्या, स्पेंटवॉशच्या टाकीत कंदील सोडणं म्हणजे स्वतः काडी लावणं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ ने अशा बंदिस्त जागेत लेखी दाखला किंवा श्वसनयंत्र आणि दोरी असल्याशिवाय उतरायला मनाई होती, आणि कलम ३६-अ प्रमाणे आत न्यायचा दिवासुद्धा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा चालत नसे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मागे जावं लागेल. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. चार महिन्यांची ही अट नीट वाचा. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगला त्यातून आपोआप वाट मिळाली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी झगडत होते, १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि हा कायदा इथला नव्हताच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, सगळ्यांना माहीत असलेल्या कारखाना कायद्याला मंजुरी मिळाली. त्यात कलम २१ ने फिरत्या भागाला जाळी, कलम २२ ने चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याला मालकाने अंगाबरोबरचे घट्ट कपडे द्यायचे, आणि कलम २७ ने रुई दाबण्याच्या जागी कापूस पिंजणारं यंत्र चालू असेल तर तिथे बायका-मुलांना कामाला लावायचं नाही. जिनिंगमध्ये कुठे काय घडतं हे ते कलम लिहिणाऱ्याला नक्की ठाऊक होतं.

माणसांच्या संख्येची अट मात्र राहिलीच. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० माणसं असली की कारखाना, असं मूळ कायदा म्हणत होता. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत ती मर्यादा २० केली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेतही २० च आहे. १५ जणांची दालमिल कारखाना या व्याख्येत बसत नाही. पॉलिशचा ढोल तर नाहीच नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत २०१७ ते २०२० या काळात दिवसाला सरासरी ३ मृत्यू आणि ११ जखमी अशी सरकारी नोंद आहे. हे आकडे फॅक्टरीत एक वर्ष काढलेल्या कोणालाही दाखवा, तो हसेल. एका मृत्यूमागे चारच जखमी? बोटं, डोळे, भाजलेले पाय कुठे गेले? ते नोंदवहीबाहेर आहेत आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातले बहुतेक सगळे तिथेच असणार.

एक गोष्ट मात्र माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही, आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. भरपाईचा हक्क. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला तरी हिशेबाची रीत तीच आहे. वय ३०, पगार १२,००० असलेल्या कामगाराचं गणित मांडू. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला वयाचा गुणक २०७.९८ ने गुणलं की १४,९७,४५६ रुपये, ही पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. पूर्ण तर्जनी गेली तर त्याच्या १४ टक्के, म्हणजे २,०९,६४४. अंगठा गेला तर ३० टक्के, ४,४९,२३७. चारही बोटं गेली तर ५० टक्के. हाड शाबूत राहून नुसतं तर्जनीचं टोक गेलं तरी ५ टक्के. बोटाचा असा भाव वाचताना कसंसंच होतं, पण प्रत्यक्षात काय होतं ते याहून वाईट आहे. मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर वीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा बॉण्डवर सही घेतो. त्या बॉण्डला काही किंमत नाही. हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्य ठरतो. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला होता असं म्हणून मालक सुटू पाहतो, तेव्हा गार्ड कोणी काढला आणि किती महिन्यांपासून कोपऱ्यात पडला होता हे सांगणारा एखादा साक्षीदार, एखादा फोटो मोलाचा ठरतो. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं.

शेतकऱ्याला सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून मृत्यूला २ लाख, एक हात गेला तर १ लाख मिळतात. त्याच कुकरवर त्याच्याच शेजारी भाजलेल्या भूमिहीन मजुराच्या घरात सातबारा नसतो. त्याला ती योजना नाही.

अपघात झालाच तर दोन गोष्टी. भाजलं की साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून; टूथपेस्ट नको, शाई नको. तुटलेलं बोट पाण्याने धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून मरतं. थंड ठेवलेलं बोट काही तास टिकतं, मनगटाच्या वरून तुटलेला हात त्याहून बराच कमी. त्यामुळे हिंगोलीहून नांदेडला आणि तिथून पुढे जोडणारा सर्जन असेल तिथे जायचं का, हे फोनवर आधी विचारून मगच गाडी काढा. आणि हळदीच्या या मुलुखात सांगायला जड जातं, पण यंत्राच्या जखमेवर हळद भरू नका. डॉक्टरला आधी ती उकरून काढावी लागते, शीर शोधायची वेळ त्यात जाते.

पुढच्या हंगामात पॉलिशचा ढोल तुमच्या बांधावर येईल तेव्हा भाव ठरवण्याआधी ट्रॅक्टरच्या मागे वाकून बघा. पीटीओच्या दांड्यावर नळकांडं नसेल तर मशीनवाल्याला सांगा, ते बसवून आण, मग ये.